जशी आहे, जिथे आहे

रायपूरच्या यार्डातली पांढरी ओम्नी
मोबाइलवर बारा फोटोंत उभी होती.
एकात नुसतं स्टेपनीचं चाक,
एकात मागचं सीट, त्यावर कोणाची तरी
विसरलेली हिरवी ओढणी.
खाली अट : जशी आहे, जिथे आहे.
इंजिनाचा आवाज फोटोत येत नाही.

दुसरी ओम्नी गावातच होती,
गुरांच्या दवाखान्यातल्या प्रल्हाद नन्नावरेची.
तिचं सगळंच ठाऊक.
उजव्या दारावर रोही धडकला तो खड्डा,
तिसरा गिअर टाकला की खोकते,
डावी काच वर करायला
एक माणूस बाहेरून लागतो,
आणि मंदा उईकेची धाकटी
अरुणावतीच्या पुलावर तिच्यातच जन्मली.
प्रल्हाद म्हणे, एक लाख दहा.
मी म्हटलं, बाप्पा,
रोह्याचेही पैसे लावले काय?

मी कटलरीचे बाजार करते.
टिकल्या, क्लिपा, बेन्टेक्सचे डोरले.
जवळा, सावळी, लोणबेहळ.
सहा पेट्या ऑटोच्या टपावर
आणि सातवी मांडीवर,
नऊ वर्षं.

भाचा विपुल म्हणाला, मावशी,
गावात घेशील तर दोष दिसतील
पण तोंडावर बोलता येणार नाहीत.
मशीनले कायची लाज?
त्यानं अनामत भरली.
मला नवं नाव मिळालं : बोलीदार चौदा.

बोली साडेतीनला बंद.
रेंज आमच्याकडे पाण्याच्या टाकीवर,
तीही अकराव्या पायरीनंतर.
पदर खोचला, चढले.
साठ हजार. मी साठ पाचशे.
बोलीदार सहा : एकसष्ट.
मी पाचशे, तो पाचशे.
घाम बोटावर, बोट काचेवर,
काच बोट ओळखेना.

माझा बाप बैलबाजारात हेडी होता.
दुपट्ट्याखाली हात, हातात बोटं,
एक दाबलं की हजार, अर्ध्यात मोडलं की पाचशे.
चारचौघांना माणसं दिसायची,
भाव दिसायचा नाही.
इथे भाव चकचकीत दिसत होता
आणि माणूस कुठेच नव्हता.
असेल भिलाईचा कोणी डीलर,
कूलरपुढे चार मोबाइल मांडून.
मी त्याला शिवी दिली. आधी मनात,
मग मोठ्यानं.

वरून शिंक आली.

कठड्याला टेकून प्रल्हाद.
त्याच्या हातात तीच हिरवी ओढणी, तळहाताएवढी.
“तुमी चवदा हाय काय?”
“अन् तू सहा? तुले काहून पाह्यजे?
तुही इकाची हाय ना?”
“इकून हेच घ्याची होती.”

साडेअठरा हजार
आम्ही एकमेकांच्या खिशातून वर चढवले होते,
मध्ये सात पायऱ्या.
तेवढ्यात मोबाइल किणकिणला.
कोणी एकोणीस नंबर
शेवटच्या आठ सेकंदांत घेऊन गेला.
ब्याऐंशी.

मग बसलो तिथेच. टाकी ठिबकत होती.
खाली प्रल्हादची ओम्नी.
तिचं टप मी पहिल्यांदाच वरून पाहिलं :
सगळं विटलेलं, फक्त कॅरिअरच्या पट्ट्यांखाली
नवी असतानाचा पांढरा रंग
शाबूत.

भाव त्यानं आईवर टाकला.
ती तुरीची डाळ पाखडत होती.
“यंदाच्या पोरायले बोलताच येत नाही भाव,”
असं म्हणून सूप बाजूला सारलं,
पदर माझ्या मनगटावर टाकला
आणि माझी बोटं धरली.
डाळीच्या पिठानं भुरभुरीत हात.
मी एक बोट सोडवून घेतलं,
तिनं परत धरलं, अर्ध्यात मोडलं,
माझ्याकडे बघत राहिली.
बापानंतर हे कोणी केलं नव्हतं.

किती ठरले ते सांगत नाही.
विपुल अजून विचारतो.

आता तिसऱ्या गिअरला ती खोकते
तेव्हा मागच्या पेट्यांतल्या बांगड्या वाजतात,
आणि पाऊस आला की
जवळ्याच्या फाट्यावरचा पानवाला
न सांगता येऊन काच ओढून देतो.

तरी कधीमधी मागचं सीट झाडताना
ती हिरवी ओढणी आठवते.
एकोणीसनं घडी करून ठेवली असेल,
की तिनंच
गाडी पुसली.