दोन अंश, वारा नाही

इद्वल म्हणतो, दोन अंशाला कुणी येत नाही.
तरी तो येतो. एकतीस वर्षं,
मार्चमधल्या प्रत्येक मंगळवारी,
पाटीच्या दगडाची खाण बंद पडली तेव्हा
परत न केलेली टोपीवरची बत्ती,
डबाभर काकवी, शिळी बिअर
आणि केस झडलेला ब्रश घेऊन.

आज सोबत नेरिस, मुलीची मुलगी,
घरून पिटाळलेली.
फोनला रेंज नाही. हातमोजा एकच,
दुसरा बसमध्ये राहिला असणार.

ओकच्या खोडांना काकवी फासून झाली,
छातीच्या उंचीवर, शेवाळ टाळून.
तिला वास येतोय
पबची फरशी सकाळी पुसताना येतो तसा.

पहिली फेरी : एक गोगलगाय.
दुसरी फेरी : तीच गोगलगाय.

मग ओढ्याकाठच्या वाळुंजाखाली
जुनी चादर अंथरायची. फांदी हलवायची, हळू,
झोपलेल्याला उठवतात तशी.
लोकरी तुऱ्यांतून तीन पतंग टपटप पडतात,
पाय पोटाशी, मेल्याचं सोंग.
'क्वेकर म्हणतात यांना,' इद्वल सांगतो,
'साधे कपडे, म्हणून.'
नेरिस स्वतःच्या करड्या जाकिटाकडे बघते.

परतताना बर्चच्या पांढऱ्या सालीवर
तिला कोळी दिसतो. कोळी नसतो तो.
सहा पाय, फुगीर पोट,
पंखांच्या जागी काहीच नाही.

'मादी,' म्हणतो इद्वल. 'चालतच जाणार वरपर्यंत.'

नेरिस बत्ती जवळ नेते.
ती थांबत नाही, वळत नाही.
ज्योतीवर झेप, क्षणात राख
ही सगळी पतंगांची ख्याती
हिच्या कानावर गेलेलीच नाही.
हिला झाड चढायचंय.
सालीची एक खपली, मग पुढची खपली,
मध्ये गोठलेल्या पाण्याचा थेंब,
त्याला वळसा.

दोघं बघत राहतात, मान दुखेपर्यंत,
ती उजेडाच्या वर निघून जाते तोवर.

इद्वलची बोटं वळत नाहीत,
म्हणून पेन्सिल नेरिसच्या हातात.
क्वेकर तीन. बिनपंखी मादी, एक.
'गोगलगाय लिहू?'

तो वही मागे चाळतो.
पानंच्या पानं शून्यं,
तारीख, तापमान, शून्य,
सगळी एकाच वळणाची.
गोगलगाय एकही नाही.

'लिही,' म्हणतो.
'एकदा की दोनदा?'

गाडीपाशी पोचेपर्यंत एक अंश.
वारा अजून नाही.