ठिपका सतरा

नुकूसच्या प्रयोगशाळेत बीबीनाझ
ज्वारीचं पान खलात कुटते,
द्रव नायट्रोजनची वाफ मनगटापर्यंत.
डावी कुंडी गोड्या पाण्याची,
उजवी खाऱ्या; तिच्या पानांची सुरळी झालेली.

रात्रभर जेलमधून प्रथिनं सरकतात,
जड मागे, हलकी पुढे.
सकाळी निळे ठिपके.
उजवीकडे एक जास्त आहे.
ती चष्मा पुसते. आहेच.

तहानेनं घडवलेलं काहीतरी,
ज्याला अजून नाव नाही, नुसतं वजन.

बाप मोयनाकचा कोळी.
समुद्र हटत हटत दिसेनासा झाला
तरी त्यानं जाळं विकलं नाही;
दर वसंतात उसवलेलं विणत बसायचा,
ओट्यावर, मिठाच्या वाऱ्यात.
कशासाठी, ते कुणी विचारलं नाही.

वहीत ती लिहिते: ठिपका सतरा.
उद्या पुन्हा.