पानाची दुसरी बाजू

वरून पाहू नकोस, तुतेराई म्हणाला,
वरून सगळंच रान हिरवं.
पान हातात घे आणि उलट.

उलटलं.
खाली जांभळं.
मुका मार चौथ्या दिवशी मांडीवर उमटतो, तसं.
देठाकडून टोकाकडे तीन शिरा,
मधली सरळ, दोघी काठाकाठाने,
एका घरातल्या, अबोला धरलेल्या.

पान माझ्या छातीहून मोठं.
ह्या पानासाठीच कुणीतरी त्याला आणलं होतं
ओल्या फडक्यात गुंडाळून, बोटीने,
बागेत पाहुण्यांना दाखवायला.
तेव्हा ते एकच होतं.

आता रायातेआच्या ह्या उतारावर आम्ही नऊ जण,
हातभर अंतराने, एका रांगेत.
रोप दिसलं की मुळासकट उपटायचं
आणि फांदीला उलटं टांगायचं,
मातीला टेकलं तर पुन्हा धरतं.
उपटताना जोर लागत नाही, त्याचीच धास्ती:
एवढं उंच झाड, आणि मुळं वरवरची.
त्याच्या सावलीत दुसरं काही उगवत नाही,
मग मोठ्या पावसात डोंगर
सोपटासारखा सुटून खाली येतो.

तिसऱ्या दिवशी वाइआताबाईंचं अंगण.
न्हाणीमागे, पत्र्याहून उंच,
तेच.

"ते नाही," बाई म्हणाल्या, "ते आमचं.
थोरलीच्या वेळी ह्यांनी लावलेलं."
मग भाजलेला नीरफणस पुढे ठेवून:
"हासुद्धा होडीतूनच आला ना रे, पूर्वजांबरोबर?"

तुतेराई चावत राहिला.
मी नवा, उत्साही.
पान तोडलं, उलटून त्यांच्यासमोर धरलं.

बाई हसल्या.
"मला दाखवतोस?
चाळीस वर्षं पंगतीला हीच पानं मांडली,
जांभळी बाजू वर करून.
शोभून दिसायची."

बराच वेळ कोंबड्या तेवढ्या बोलत होत्या.

"कपडे वाळू देत," त्या म्हणाल्या,
"दोरी त्यालाच बांधली आहे."

दुपारी करवत चालली. त्या आत होत्या.
आम्ही निघालो तेव्हा बाहेर आल्या,
हातात भांडी घासायचा ब्रश.
"बूट काढा."

तळव्याच्या खाचांत चिखल,
चिखलात खसखशीहून बारीक दाणे,
त्यांच्या अंगणातले
की आम्हीच वरून आणलेले,
कुणाला सांगता येईना.

बाई घासत बसल्या.
अठरा बूट.
माझा डावा त्यांनी दोनदा घासला.