गेली

दान्कोच्या बहिणीने मला किल्ली दिली
आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर परवलीचा शब्द :
आमच्या कुत्र्याचं नाव.
कुत्रा मी नेला होता. नाव त्याने ठेवून घेतलं.

पुंता अरेनासमध्ये त्या दिवशी वारा असा
की चौकाचौकात दोर बांधलेले, माणसांना धरायला.
मी दोर धरत धरत त्याच्या दारात पोचले,
बारा वर्षांनी.
टेबलावर चिमटे, मेण, दाभण,
बाटलीत एक जहाज :
एक डोलकाठी उभी, दोन आडव्या पडलेल्या,
दोरे बाटलीच्या तोंडातून बाहेर लोंबत.
कोट न काढताच मी बसले.

पडद्यावर तो दान्को नव्हता.
तिथे तो कप्तान बोरा,
आजोबांच्या बेटावरच्या वाऱ्याचं नाव लावलेला.
हा, जो जन्मभर घरोघर विजेचे मीटर वाचत फिरला
आणि पोर्वेनीरच्या फेरीबोटीत
सामुद्रधुनी संपेस्तोवर तीनदा ओकायचा.
बाटलीत जहाजं बांधणारी चाळीसेक माणसं,
कुणी ताम्पेरेचं, कुणी सेतुबालचं, कुणी होबार्टचं,
त्याला विचारायची : कप्तान, काठी तिरकी जाते, काय करू?
आणि तो सांगायचा,
इतक्या सबुरीने, की मी मनात म्हटलं, हा कोण बाई?

मग मी मागे मागे गेले, चौदा जूनपर्यंत.
त्या रात्री त्याने दोनच शब्द लिहिले होते :
नेवेंका गेली.

खोटं काहीच नाही त्यात.
गेलेच होते मी. किटली घेऊन, कुत्रा घेऊन,
तीन गल्ल्या पलीकडे, मावशीच्या माडीवर.
पण ताम्पेरेच्या ऐलीने मेणबत्ती लावली,
सेतुबालच्या झेफेरिनोने लिहिलं, देव तिला शांती देवो.
परकी भाषा, म्हणून घोटाळा झाला म्हणावं
तर आमच्याही भाषेत
गेलेली बाई दोन्हीकडे जाते.
दोन दिवसांनी त्याने उत्तर दिलं : आभारी आहे.

आणि मग दर जूनला माझा स्मृतिदिन.
मी इथे बेकरीत पाव मोजत होते,
दाढ काढून घेत होते, एकदा एका सुताराच्या प्रेमातही पडले,
आणि तिकडे चाळीस माणसं माझ्यासाठी गप्प बसत होती.
होबार्टच्या पोरीने तिच्या पहिल्या जहाजाला माझं नाव दिलं.
कशी होती ती, त्यांनी विचारलं.
त्याने सांगितलं : बटाटे सोलताना गुणगुणायची,
गार पावलं माझ्या पोटऱ्यांना लावायची,
मी बोलत नाही म्हणून चिडायची, आणि तिचं बरोबर होतं.
बरोबर होतं!
हे एकदा, एकदाच, स्वयंपाकघरात म्हणाला असतास तर.
केस लांब होते, असंही लिहिलंय.
माझे केस कधीच लांब नव्हते.

आता कळवायचं मलाच होतं.
पण कोण म्हणून?
बायको म्हणून लिहिलं तर तो त्यांचा दुसऱ्यांदा जाणार,
आणि ही दुसरी खेप मी आणलेली.
बोटं गारठली होती. लिहिलं :
कप्तान झोपेतच वारले, मंगळवारी. फार त्रास झाला नाही.
(त्रास झाला होता. तेवढं खोटं माझं.)
तुम्ही कोण, त्यांनी विचारलं.
शेजारीण, मी म्हटलं. तीन गल्ल्या पलीकडची.

ऐलीने लिहिलं, आता तो तिच्यापाशी पोचला असेल.

बाहेर पत्रे वाजत होते.
ही ओळ मी किती वेळ बघत बसले, ठाऊक नाही.
मग विचारलं,
एक जहाज अर्धं राहिलंय, कुठला दोरा आधी ओढू?
सेतुबालला तेव्हा पहाट असणार.
झेफेरिनो जागा होता :
मधला. श्वास सोडताना.