पायगुण

हेल्वे ओया बाईंची तक्रार एका ओळीची:
सिग्नलला थांबले तरी गाडी गप्प बसत नाही.
विकताना तर म्हणाले होते, लाल दिव्याला
इंजिन आपलं आपण डोळा मिटेल.
मिटत नाही. पडद्यावरचा तो हिरवा ए
त्यांनी फक्त माहितीपुस्तकात पाहिलाय.

मी म्हटलं, थंडी. विल्यांदीत फेब्रुवारी, उणे चौदा,
अंगात ऊब धरेपर्यंत कोण झोपेल?
बाई म्हणाल्या, जूनमध्येही झोपली नव्हती.

मग बॅटरी. सात वर्षांची,
हाक मारली की जरा उशिरानं ओ देणारी.
बदलली. एकशे नव्वद युरो.
नवीची ओळख गाडीच्या मेंदूला करून दिली
नाव, ताकद, बसवल्याची तारीख.
चौथ्या दिवशी बाई परत दारात.

मग बॉनेटखालचा खटका;
रायवोनं मीठखाल्ला गंज घासून काढला.
सीटबेल्टचा चिमटा. दाराचा सेन्सर.
ब्रेकला जोर देणारी नळी, कुठे फुसफुसते का.
कॉम्प्युटर लावला: एकही दोष नोंदलेला नाही.
रिपोर्ट नॉर्मल, आणि पेशंट तळमळतोय.

संध्याकाळी मीच नेली तळ्यापर्यंत.
सात थांबे. सातही वेळा इंजिन असं विझलं
की वायपरचं रबर काचेवर कुरकुरताना ऐकू आलं.
फोन केला: बाई, गाडी बरी आहे.
त्या म्हणाल्या, तुमच्यापुढे असेल.

शुक्रवारी शेवटी शेजारी जाऊन बसलो.
मागच्या सीटा आडव्या, त्यावर रबरी चटई,
चटईवर तीन मजली केक, कुणाच्या तरी लग्नाचा.
एकतीस वर्षं पोचवतेय, म्हणाल्या,
एकही मजला अजून कलला नाही.

सिग्नल लांब होता तेव्हाच पाय सुटला.
गाडी थांबल्याचं मला कळलंच नाही;
खिडकीतला चर्चचा मनोरा सरकेनासा झाला, म्हणून कळलं.
वाकून पाहिलं.
ब्रेकवर बुटाचं नुसतं टोक,
साय न मोडता दूध चाचपावं तसं.

तेवढ्यानं गाडी थांबते, पण तिची खात्री पटत नाही.
तिला वाटतं, निघायचंच आहे इतक्यात.

दाबा, मी म्हटलं.
"आणि ते?" त्यांनी मान मागे वळवली.
आता उभीच आहे, बाई. आता काही हलणार नाही.
"नक्की?"
दाबला.

हिरवा ए उगवला.
खोक्याच्या आत साखरेचं एक पान
जागच्या जागी थरथरत होतं, तेही थांबलं.
"फारच शांत," त्या हळूच म्हणाल्या,
कुणी झोपलेलं असावं तसं.
दिवा बदलला, मागच्या ट्रकनं भोंगा दिला.

पुढच्या सिग्नलला पुन्हा बुटाचं टोकच टेकलं.
इंजिन गुणगुणत राहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

रायवो विचारतो, "दोष"च्या रकान्यात काय लिहू?
बॅटरीचे पैसे लिही, म्हटलं.
रकान्यावर मलईचा डाग पडलाय;
बाईंनी केकची कड पाठवली होती, कागदात गुंडाळून.