नावाड्याचा डोळा

उर्स ग्याझिन गेला त्याला आज अकरा दिवस.
बाझलला, ऱ्हाईनवर, एकोणतीस वर्षं
तो माणसं पलीकडे न्यायचा.
इंजिन नाही, वल्हं नाही,
वर ताणलेली तार आणि नदीचा ओढा, एवढ्यावरच.

त्याचं दृष्टिपटल माझ्याकडे आहे,
कांद्याच्या ओल्या पापुद्र्यासारखं,
उबदार कपाटात, गुलाबी द्रवात.
झाकणावर फक्त आकडा.
नाव मला कळायला नको होतं,
पण गाव लहान आहे
आणि निधनाच्या जाहिराती मी वाचते.

उजेड दाखवला. काही नाही.
शेवटी शेवटी, म्हणतात,
तो भाडं घेताना आवाजाकडे हात करायचा.

मग आम्ही सापाकडून उसनं घेतलं.
डोळा आणि नाकपुडी यांमधल्या खळगीनं
त्याला अंधारात उंदराची ऊब कळते.
त्या खळगीतलं दार,
ऊन लागलं की उघडणारं.
मोहरीच्या झणक्यानंही उघडतं म्हणे.
ते आम्ही घासलं, बदललं,
उघडायचा अंश दोननं वर चढवला,
त्याचा मजकूर एका निरुपद्रवी विषाणूच्या हाती दिला,
आणि दाराशी सोन्याच्या कांड्या बांधल्या, धुळीहून बारीक,
आधी त्यांनी तापावं म्हणून.
सांगायला सोपं. सात वर्षं गेली.
लेनार्टचं लग्न मोडलं. मला चष्मा लागला.

आज पहाटे तीन वीसला
मलाही न दिसणारा उजेड सोडला.
यंत्रावर रेघ उठली.
पुन्हा सोडला. पुन्हा उठली.
कुणाला फोन केला नाही.
हातमोजा काढून बशीशी बोट नेलं, उगाच.
रेघ सपाट.
माणसाची ऊब कमी पडते.

त्यानं काय पाहिलं, विचारू नका.
ज्याला विचारायचं तो नाही,
बशीला तोंड नाही.

घरी जाताना वाट वाकडी करून नावेत बसले.
सुकाणूवर एक मुलगी, नवी असावी,
सुट्टे मोजताना चुकली.
एवढ्या सकाळी कुठून, तिनं विचारलं.
कामावरून.
कसलं काम?
वाट बघायचं, म्हणाले.

तिनं सुकाणू वळवलं. वर तार कुरकुरली.
मध्यावर आलो तेव्हा छपरांवरून ऊन आलं.
माझे डोळे मिटलेले होते.
ते कुठल्या बाजूनं येतंय,
कळत होतं.