चार दिवस आणि एक पाणी

ग्राफच्या कागदावर आखलंय मी विशाखापट्टणम.
एरवी याच चौकोनांत
मोर बसवतो, कधी कमळ,
टॉवेलच्या काठाला शोभेल असं काहीतरी.
यादी भाच्याची, नरहरीची, तो तिथं वेल्डर आहे.
आखणी माझी.

सोमवार, उतरून आंघोळ, मग आरके बीच.
मंगळवार, ऋषिकोंडा, ऊन चढायच्या आत.
दुपारी कैलासगिरी, तारेवरून जाणारा पाळणा,
तिकीट किती ते विचारून.
बुधवार, वाळूत आणून ठेवलेली पाणबुडी.
गुरुवार, बोर्राच्या गुहा, पहाटेची गाडी,
आणि भीमिली, वेळ उरला तर.
'वेळ उरला तर' यानंच सगळ्यांत जास्त चौकोन खाल्लेत.

कोणार्कचं तिकीट काढलंय. जायचं पक्कं,
यायचं अजून वेटिंग सतरा.

समुद्र मला अगदीच परका नाही.
रंगांच्या कार्डावर तो एक्केचाळीस नंबरला आहे,
खाली बेचाळीस, जरा उथळ.
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये दोन्ही धागे
अकरा वर्षं शेजारी शेजारी चालवले,
निळा पट्टा, पांढरा पट्टा, निळा,
साठ इंच लांब, माणूस आडवा मावेल इतका.
गाठोडी ट्रकात चढली की आम्ही हात धुवायचो.
माझे टॉवेल कधीचे जाऊन पडलेत वाळूवर
नाव माहीत नसलेल्या पाठींखाली.
एकही आला नाही परत सांगायला
की वाळू धाग्यातून निघते,
का घरापर्यंत येते.

बालामणी सूप मांडीवर घेऊन ऐकत होती.
पान, तंबाखू, दोरा, पान.
बोलण्यासाठी तिचा हात थांबत नाही.
'आपलं पाणी कुठल्या वारी?'
रविवारी. मग एकदम शुक्रवारी.
'म्हंजे शुक्रवारचं पाणी बुडालं म्हणा की.'
किल्ली नरसव्वाकडं देऊ, बॅरल ती भरेल.
'तिथं रोज येतंय का ओ पाणी?'
दिवसातनं दोनदा, म्हटलं. भरती.
'किती वाजता?'
रोज वेळ बदलते.
'हां. मग हितल्यागतच.'

मग तिनं पेन्सिल मागितली.
पाणबुडीवर काट.
'लोखंडाच्या पोटात जायला पैसे द्यायचे?
तुमी तीस वर्षं फुकट बसला की.'
गुहांवर काट, कारण अंधार.
कैलासगिरीपाशी थोडी थांबली,
'वरनं सगळं दिसतंय म्हणं,'
आणि तेही खोडलं.
वरनं बघायचं नव्हतं तिला. कडेला बसायचं होतं.

'सकाळी बसायचं. संध्याकाळी उठायचं.
हजार झाल्या का, कुणी इचारायचं न्हाई.'

बराच वेळ नुसता कात्रीचा आवाज.
मग, पानांवरची नजर न काढता,
'लाटांत छाट निघत नसंल न्हवं?'

रोज तिच्या हजारातल्या पन्नास-साठ
कारखान्यातला माणूस बाजूला काढतो,
ही सैल, ही आखूड,
आणि तिच्यासमोरच चुरगाळतो.
नाही निघत, म्हटलं मी.
मला काय माहीत.

कागद आता बराच मोकळा झालाय.
नरहरीला फोन करावा लागेल,
बिचाऱ्यानं बसच्या नंबरांसकट लिहून पाठवलं होतं.
मागच्या बाजूला तिनं लिहिलंय,
थोडं तेलुगूत, थोडं मराठीत:
कडक भाकरी, शेंगाचटणी, किल्ली, गुडघ्याचं मलम.
आणि टॉवेल, निळा, आपला घरचा,
ज्याच्या मधोमध एक धागा चुकलाय
कुठल्याशा मंगळवारी
लाईट गेली होती तेव्हा.